नातेवाइकांसोबत जुनी मोटारबोट घेताना: पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

पुण्याला समुद्र नाही. पण चहूबाजूंना धरणं आहेत, अलिबाग-मांडवा एका सकाळीत गाठता येतं, आणि भाऊ, मेव्हणे, साडू एकत्र जमले की "सगळ्यांनी मिळून एक बोट घेऊ" हा विषय निघतो. हा बेत चांगला आहे. एकट्या घराला न पेलणारी वस्तू तीन घरांना पेलते आणि मुलं एकत्र वाढतात. पण अशा भागीदारीत भांडणं होतात ती बोटीच्या किमतीवरून नव्हे. धुतं कोण, वर्गणी कोणाची राहिली, पाण्यावर "नको" कोण म्हणालं आणि बाहेर कसं पडायचं, यावरून होतात. म्हणून खाली त्या प्रश्नांची उत्तरं लांब आहेत आणि बाकीची आटोपशीर.

बोटी बघायला कधीपासून सुरुवात करावी?

पाणी ठरल्यावर. कोणत्या पाण्यात चालवणार, तिथे परवानगी आहे का, पावसाळ्यात ती कुठे उभी राहणार, या तिन्हींची उत्तरं कागदावर आल्याशिवाय जाहिराती चाळू नका. धरणाच्या शांत पाण्यासाठी पंधरा-सोळा फुटांची फायबरची बोट, मागे एक आउटबोर्ड इंजिन आणि खाली ट्रेलर एवढं पुरतं. तीच बोट घेऊन भर समुद्रात जाणं धोक्याचं आहे. उलट समुद्रासाठी घेतलेली बावीस फुटी जड बोट दर शनिवारी घाटातून ओढून नेणं कोणालाच जमत नाही, मग ती एका जागी पडून राहते.

पुण्याजवळ ती चालवायची तरी कुठे?

बहुतेक धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. मुळशीचं धरण टाटा पॉवरचं आहे. जलाशयाच्या कडेला आपली जमीन असली म्हणून पाण्यावर आपला हक्क येत नाही. काठावरचे एखादे रिसॉर्टवाले "इथे सगळे चालवतात" म्हणतात, त्याला काडीचीही किंमत देऊ नका. त्या जलाशयाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच मागा.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी धरतात आणि पुणं तेच पितं. आपल्या इंजिनाचं तेल, पेट्रोल त्या पाण्यात जाणार, हे आधी स्वतःलाच पटतंय का ते पाहा. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल जाळतात आणि त्यातलं काही न जळता पाण्यात सोडतात. अशा जलाशयात टू-स्ट्रोक घेऊन जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, परवानगी मिळाली तरीही. खडकवासल्याच्या काठी एनडीएची हद्दही लागते, तिकडे फिरकायचं नाही.

पवना, भाटघर, उजनी हे पर्याय लोक विचारतात. उजनी अफाट आहे, एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. पण भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, आणि जलपर्णी पंख्यात गुंडाळली की इंजिन जागीच बंद पडतं. तिथे वेगाची हौस भागवायला जाणं बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. धरणाचं पाणी दिवाळीत असतं तिथे मे महिन्यात नसतं. पाणी ओसरलं की उजनीत पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, पवनेत वाघेश्वराचं. याचा बोटवाल्याच्या दृष्टीने अर्थ असा, की फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दगडी बांधकामं, जुन्या गावांचे चौथरे आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली हात-दोन हातांवर असतात. स्थानिक कोळी बांधवांना बरोबर घेऊन, पाणी पूर्ण उतरलेलं असताना, काठावरून तो सगळा भाग एकदा नीट पाहून घ्या. बोट उतरवायचा रस्ताही तेव्हाच पाहा. ऑक्टोबरमध्ये जिथून ट्रेलर सरळ पाण्यात जातो, तिथे एप्रिलमध्ये पुढे शंभर फूट चिखल असू शकतो.

मग कोकणात ठेवली तर?

ठेवता येते, आणि ज्यांचं घर किंवा आजोळ तिकडे आहे त्यांना ते सोपं जातं. फक्त तीन गोष्टी मनात धरा. समुद्रावर नोंदणी, तपासणी आणि चालवणाऱ्याच्या पात्रतेच्या अटी वेगळ्या असतात, त्या मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात विचाराव्या लागतात. खारं पाणी इंजिन खातं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर ते गोड्या पाण्याने आतून धुवायलाच हवं. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक तुमच्या सुट्टीकडे बघत नाही. खाडीतली जागा ओहोटीला कोरडी पडते का, हे आधी पाहा. तिकडे बोटीकडे बघायला गावातलाच एखादा तांडेल, म्हणजे होडी सांभाळणारा मुख्य खलाशी, ठरलेला असावा आणि त्याला दरमहा ठरलेले पैसे वेळेवर जावेत. "येता-जाता लक्ष ठेवा" एवढ्यावर कोणाकडून कामाची अपेक्षा धरू नये.

नवीनच का घेऊ नये?

पैसे असतील तर जरूर घ्या. पण मनोरंजनाच्या बोटींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ टक्के होता. खासगी माणसाने आपली वापरलेली बोट दुसऱ्या खासगी माणसाला विकली तर तो लागत नाही. शिवाय पहिल्या दोन-तीन वर्षांत घराला कळतं की आपल्याला बोट खरंच हवी आहे का. ते जुन्या बोटीवर कळलेलं बरं.

भागीदार किती असावेत?

तीन घरं. चारपर्यंत ठीक. दोन असली की मतभेद झाल्यावर तोडगा निघत नाही, आणि पाचच्या पुढे प्रत्येकाला वाटतं की दुसरं कोणीतरी बघेल.

कोण असावेत, हे किती यावर अवलंबून नाही. ज्याच्याशी आजवर पैशाचा एकही व्यवहार उघडपणे बोलता आलेला नाही, तो कितीही जवळचा असला तरी भागीदार म्हणून घेऊ नका. त्याला पाहुणा म्हणून बोटीवर न्या, आनंदाने न्या. आतेभाऊ-मामेभाऊ अशी भागीदारी सख्ख्या भावांपेक्षा बऱ्याचदा सुरळीत चालते, कारण त्यात घर-जमिनीच्या जुन्या वाटण्या मिसळलेल्या नसतात.

आणि एक बारकावा. आपण म्हणतो "मेव्हणा भागीदार आहे", पण पैसे बहिणीच्या खात्यातून गेलेले असतात. ज्या खात्यातून पैसे आले त्याच माणसाचं नाव करारावर असावं. बायकोचे पैसे आणि नवऱ्याची सही, ही पद्धत बोटीच्या बाबतीत तरी बंद करा. पुढे काहीही झालं तर बहिणीकडे दाखवायला काही राहत नाही.

बोट बघायला जाताना काय तपासायचं?

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. ते गार हवं. गरम असेल तर गार असताना सुरू होताना काय त्रास होतो ते तुम्हाला दिसणार नाही.

मग तळ. फायबरच्या बोटीत वरून चकचकीत दिसणाऱ्या थराखाली बऱ्याचदा प्लायवूड असतं. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मागची उभी फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, कारण पूर्ण इंजिन तिच्यावर टांगलेलं असतं. इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. फळी वाकताना, तडकताना दिसली, बोल्टच्या भोवती तपकिरी पाणी झिरपलेलं दिसलं, तर आतलं लाकूड कुजलंय. ते बदलणं म्हणजे बोटीचा मागचा भाग उघडणं. अशी बोट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नंतर छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने तळावर ओळीने ठोकत जा. भरीव जागेचा आवाज टणक येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागेचा बोदा. डेकवर अनवाणी चाला, पाय कुठे दबतो का बघा. पाण्याखालच्या भागावर फोड आलेले असतील तर फायबरमध्ये पाणी शिरलेलं आहे.

इंजिनाच्या खालच्या गिअरमधलं तेल थोडं काढून पाहा. दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर सील गेली आहेत आणि पाणी आत येतंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर थांबा. सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत यायला हवी. ती मरतुकडी असेल तर थंडाव्याच्या पंपाचा इम्पेलर झिजलाय. तो स्वस्त असतो, पण तो न बदलता चालवलेल्या इंजिनाने किती ताप सोसलाय हे कळत नाही.

नळाच्या पाण्यावर इंजिन चालवून दाखवलं म्हणजे चाचणी झाली नाही. पाण्यात, माणसं बसवून, पूर्ण वेगाने किमान दहा मिनिटं चालवा. बहुतेक फोर-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या दरम्यान जायला हवं, नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. बोट मांडव्याला पाहिली आणि चालवणार पानशेतला, तर लक्षात घ्या की सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर हवा विरळ असते आणि इंजिनाचा जोर थोडा कमी भरतो. समुद्रसपाटीवर जेमतेम पुरणारी ताकद तिथे अपुरी वाटू शकते.

ट्रेलर विसरू नका. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज चढलेला असतो आणि तो नेमका ताम्हिणीच्या उतारावर बोलतो. ट्रेलरचं आरटीओ पासिंग आहे का, तेही बघा.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा त्रास होतो का?

होतो, आणि जुनी बोट घेणाऱ्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे खराब करतं. ते हवेतली आर्द्रताही ओढतं, आणि अर्धी टाकी पावसाळाभर तशीच राहिली तर पाणी धरलेला थर खाली वेगळा होतो. तोच आधी इंजिनात जातो.

म्हणून बोट घेतल्याबरोबर इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि हाताने दाबायचा फुगा बदला, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि हंगाम संपताना टाकी रिकामी करा. लागेल तेवढंच ताजं पेट्रोल भरायचं. आपल्या इंजिनाच्या कंपनीच्या सेवा केंद्राकडून मॉडेल नंबर सांगून लेखी सल्ला घेतलेला सगळ्यात चांगला.

सर्व्हेअर लावायलाच हवा का?

हो. सर्व्हेअर म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा जाणकार. तो स्वतःचा, स्वतंत्र. विकणाऱ्याने सुचवलेला नको. घरात कोणी मोटार मेकॅनिक असला तरी हवा, कारण गाडीच्या इंजिनाची जाण असलेल्याला फायबरचा तळ कळतोच असं नाही. शिवाय बाहेरच्या माणसाने "नको" म्हटलं की घरातल्या घरात कोणी कोणाचा उत्साह मोडला असं होत नाही.

कागदपत्रं कोणती बघायची?

१९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. इंजिन असलेल्या बोटीला त्यानुसार नोंदणी आणि तपासणीचं, म्हणजे सर्व्हेचं, प्रमाणपत्र लागतं, विम्याचीही तरतूद आहे. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. महाराष्ट्रात हे काम मेरिटाइम बोर्डाकडे आहे. गोव्यातून बोट आणत असाल तर तिथे कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात चौकशी करायची.

नोंदणीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का, हे आधी. सर्व्हेची मुदत कधी संपते, ते नंतर. बोटीवर कर्ज आहे का, असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. परदेशी बनावटीची असेल तर आयातीची आणि सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रं मूळ स्वरूपात. तळाच्या मागच्या बाजूला उजव्या हाताला कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक दोन्ही कागदांशी ताडून बघा, मोबाइलवर फोटो काढा. इंजिन कधी बदललं असेल आणि कागदांवर जुनंच असेल, तर ती दुरुस्ती विकणाऱ्याने करून द्यायची. "नंतर करून घ्या" म्हणणाऱ्याला विसारही देऊ नका.

पैसे कसे द्यावेत?

बँकेतून. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. प्रत्येक भागीदाराने आपला हिस्सा स्वतःच्या खात्यातून थेट विकणाऱ्याला पाठवला तर पुढे हिशेब स्वच्छ राहतो.

भाऊ-बहीण, काका-मामा यांच्याकडून मिळालेल्या पैशाच्या भेटीवर कर नाही. पण चुलत किंवा मावसभाऊ आयकराच्या व्याख्येत "नातेवाईक" नाही. त्याने तुमच्या वाट्याचे पन्नास हजारांहून जास्त पैसे भेट म्हणून भरले तर ते तुमचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. उसने घेत असाल तर तसं लिहा, आणि तेही बँकेतूनच घ्या.

करार खरंच लागतो का? नात्यात असं लिहून घेणं बरं दिसत नाही.

लागतो, आणि विसार देण्याआधी लागतो. तो अविश्वासासाठी नसतो. दहा वर्षांनी तुम्ही असाल-नसाल, तेव्हा तुमच्या मुलांना आपापसात ठरवायला काहीतरी हातात असावं म्हणून असतो. बरं दिसत नाही, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर एकच उपाय मला लागू पडताना दिसला आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या, ज्याच्याबद्दल कोणाला शंका नाही अशा माणसाने, मग ती आत्या असो की थोरले काका, स्वतः म्हणावं की आधी माझी सही घ्या. धाकट्याने विषय काढला की तो हिशेबी ठरतो. थोरल्याने काढला की ती रीत होते.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प चालत नाही, किमान ५०० रुपयांचा लागतो. वकिलाकडून मसुदा तपासून, नोटरी करून, प्रत्येक घरात एक प्रत ठेवा.

मजकूर चार पानांचा झाला तरी चालेल, पण भाषा घरातल्या सगळ्यांना कळेल अशी मराठी असावी. हिस्से टक्क्यांत. निर्णय कोणते बहुमताने आणि कोणते एकमताने, हे स्पष्ट: दुरुस्ती बहुमताने, विक्री आणि कर्ज एकमताने. कोण चालवू शकतं, त्यांची नावं. नुकसान झालं तर विम्याबाहेरचा भार कोणावर. माझ्या मते तो त्या दिवशी ज्या घराने बोट नेली होती त्यांच्यावर असावा, इंजिनाच्या जुन्या बिघाडाचा अपवाद ठेवून. आणि बाहेर पडण्याचं कलम, जे बहुतेक जण लिहीतच नाहीत. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

नोंदणीवर नाव कोणाचं?

शक्य असेल तर सगळ्यांचं. एकाच्याच नावावर ठेवली तर कायद्याच्या नजरेत जबाबदार तोच, अपघात झाला तरी तोच. बाकीच्यांची नावं आणि हिस्से मग करारात अगदी ठळक हवेत, आणि विमा कंपनीलाही बोट कोण-कोण चालवतं ते सांगितलेलं हवं.

खर्च कसा वाटायचा?

उभी राहण्याचा खर्च आणि फिरण्याचा खर्च वेगळे धरा. जागेचं भाडं, विमा, सर्व्हेची फी, वार्षिक सर्व्हिसिंग, ताडपत्री, बॅटरी हे बोट एकदाही पाण्यात गेली नाही तरी होणार. ते हिश्श्याप्रमाणे. पेट्रोल, टोल, त्या दिवशीचा खलाशी हे नेणाऱ्याचे. "आम्ही यंदा एकदाच गेलो" म्हणून पहिल्या खर्चातली सूट मागता येणार नाही, हे आधीच मान्य करून घ्या.

समजा बोट ६ लाखांची आहे आणि तीन घरं आहेत. तर प्रत्येकी दोन लाख नव्हे, अडीच लाख जमा करा. वरचे दीड लाख दोघांच्या सहीने चालणाऱ्या बँक खात्यात टाका. जुन्या बोटीला पहिल्याच वर्षी काही ना काही मोठं काम निघतं, आणि त्या वेळी घरोघर वर्गणी मागत फिरण्याइतकं दुसरं काहीही नात्याला लागत नाही. एखाद्या घराला हा वरचा पन्नास हजारांचा भार जड जात असेल, तर ते आत्ताच कळलेलं चांगलं. त्यांचा हिस्सा लहान ठेवा, त्यांना वगळू नका.

सगळं काम एकाच्याच गळ्यात पडतं. काय करावं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक भागीदारीत दुसऱ्या वर्षी येतो. कोणीतरी एक जण हौशी असतो. तो शनिवारी जाऊन बॅटरी चार्ज करतो, उंदरांनी कुरतडलेली वायर जोडतो, मेकॅनिकच्या मागे लागतो. बाकीचे कौतुक करतात. हळूहळू त्याला वाटू लागतं की बोट आपलीच आहे, आणि बाकीच्यांनाही तसंच वाटू लागतं, फक्त तक्रारीच्या सुरात.

त्याच्या कामाचं मोल ठरवा आणि हिशेबात दाखवा. त्याची वार्षिक वर्गणी कमी करा किंवा सुट्टीतले पहिले दिवस निवडायचा मान त्याला द्या. त्याने "मला नको, घरचंच आहे" म्हटलं तरी द्या. ज्या घराला वेळ नाही त्यांनी पैसे जास्त द्यावेत, यात कमीपणा नाही. आणि एक वही बोटीवरच ठेवा: तारीख, कोण गेलं, इंजिनाचे तास, पेट्रोल, काय बिघडलं. बोट परत करताना ती धुतलेली, टाकीची स्थिती लिहिलेली, किल्ली ठरल्या जागी.

मे महिना आणि दिवाळीचे दिवस कसे वाटायचे?

पाळीने, आणि पाळी दरवर्षी फिरवायची. वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून तारखा लिहा. ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत त्यांना त्या वर्षी अदलाबदल सहज मिळावी. गणपतीत बहुतेक जण गावी असतात, तेव्हा हा वाद होत नाही.

काका म्हणाले "चला", आणि बोट पुतण्याच्या हातात आहे. शब्द कोणाचा?

चालवणाऱ्याचा. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आपल्या घरांत थोरल्यांसमोर "नाही" म्हणायची सवय नसते. पंचवीस वर्षांच्या मुलाला पश्चिमेकडे काळं भरून आलेलं दिसतं, पण मागे बसलेल्या आजोबांना पलीकडच्या काठावरचं देऊळ बघायचं असतं, मावशी म्हणते दहा मिनिटांत येऊ, आणि तो गप्प बसून इंजिन सुरू करतो. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या पावसाआधीचा वारा किती कमी वेळात उठतो, हे धरणाकाठच्या कोणालाही विचारा. मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, आणि आखूड, उभ्या लाटा लहान बोटीच्या मागून आत येतात.

म्हणून "नाही" कधी म्हणायचं, हे घरी बसून ठरवा, काठावर नाही. आमच्याकडचे नियम असे: मार्च ते मे दुपारनंतर ढग जमले तर निघायचं नाही. सूर्यास्ताआधी काठावर. पाटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नाही, कडेवरचं मूल धरून. चालवणाऱ्याने एक घोटही घेतलेला नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली. आणि सगळ्यात कामाचा नियम: निघायचं नाही म्हणायला एक माणूस पुरे, मग ती दहा वर्षांची भाची असली तरी. निघायला मात्र सगळ्यांचा होकार हवा. "नको" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर जेवतानाही नाही.

हे थोरल्यांनी स्वतः सगळ्यांसमोर बोलून दाखवायला हवं. "पाण्यावर मी तुझं ऐकणार" एवढं एक वाक्य काकांनी म्हटलं की त्या मुलाच्या खांद्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

लाइफ जॅकेट सगळ्यांना? पोहता येणाऱ्यांनाही?

सगळ्यांना, बोटीत पाय ठेवण्याआधी, काठावर परत येईपर्यंत. जॅकेटवरचा न्यूटनचा आकडा म्हणजे ते किती जोराने तरंगवतं त्याचं माप. ५० न्यूटनचं जॅकेट हे पोहता येणाऱ्याला आधार म्हणून असतं. पोहता न येणाऱ्यांना किमान १०० न्यूटनचं, ज्याने बेशुद्ध माणसाचं तोंडही पाण्यावर राहायला मदत होते. मुलांची वजनानुसार वेगळी घ्यावी लागतात, पायांमधून जाणारा पट्टा असलेली, नाहीतर मूल खाली सरकतं आणि जॅकेट वर राहतं. साडी किंवा ओढणीवरून जॅकेट नीट बसत नाही, तेव्हा घरातल्या बायकांना आधीच कल्पना द्या. जुन्या बोटीबरोबर आलेली जॅकेटं वापरू नका, फेस दबलेला असतो. ती नवीच घ्या. अग्निशामक सिलिंडरची मुदतही बघा.

पावसाळ्यात बोटीचं काय?

पाण्याबाहेर. कोकणात मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात आणि पुष्कळ ठिकाणी नारळी पौर्णिमेनंतरच होड्या लोटतात, त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळत नाही. ट्रेलरवर बोटीचं तोंड उंच ठेवा, तळाचा बूच काढून ठेवा म्हणजे साचलेलं पाणी मागून निघून जाईल, बॅटरी घरी आणा. तो बूच किल्लीलाच बांधा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये तो लावल्याशिवाय कोणी बोट उतरवणार नाही.

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस फुटांचा ट्रेलर उभा करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्या. भोर किंवा मुळशीकडे नात्यातल्या कोणाची शेड असेल तर ती घ्या, पण भाडं देऊनच.

मधल्या दिवसांत भाड्याने देऊन खर्च काढता येईल का?

नको. पैसे घेऊन माणसं बसवली की परवाना, विमा आणि चालवणाऱ्याच्या पात्रतेचे सगळे निकष बदलतात. घरगुती बोटीचा विमा अशा वेळी हात वर करतो. मित्राच्या मित्रांना "फक्त पेट्रोलच्या पैशांत" देणंही यातच आलं.

एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर?

परदेशी नोकरी लागते, घर घ्यायचं असतं, गुडघे दुखू लागतात. बाहेर पडणं म्हणजे रुसणं नव्हे, हे करारातच लिहिलेलं असावं. पहिला हक्क उरलेल्या भागीदारांचा. किंमत स्वतंत्र सर्व्हेअर ठरवेल, त्याची फी सगळ्यांची. पैसे सहा महिन्यांत, दोन-तीन हप्त्यांत. काही ठिकाणी अशी पद्धत सुचवतात की एकाने किंमत सांगावी आणि दुसऱ्याने त्या किमतीला घ्यावं किंवा द्यावं. घरात ती वापरू नका. ज्याच्याकडे पैसा जास्त तोच त्यात नेहमी जिंकतो.

भागीदार वारला तर त्याचा हिस्सा वारसांकडे जातो. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून मृत्युपत्रात बोटीचा उल्लेख करा, आणि करारात लिहा की वारसांना हिश्श्याचे पैसे मिळतील किंवा त्यांची इच्छा असल्यास एक जण भागीदार होईल. वहिनींना त्या काळात कोणी हिशेब विचारायला जाऊ नये, म्हणून एक वर्षाची मुदत ठेवा, त्या वर्षाची त्यांची वर्गणी बाकीच्यांनी भरावी.

वर्गणी थकली तर?

तीन महिने वाट बघायची, मग एकाने घरी जाऊन समोरासमोर बोलायचं. ग्रुपवर लिहायचं नाही. अडचण खरी असेल तर थकलेली रक्कम हिश्श्यातून वळती करा. वर्षभर काहीच आलं नाही तर सर्व्हेअरच्या किमतीने हिस्सा विकत घ्यायचा अधिकार बाकीच्यांना, हेही करारात.

विकायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

सलग दोन हंगाम वहीत फारशा नोंदी झाल्या नाहीत, की ओळखायचं. उभ्या बोटीचं इंजिन चालत्या बोटीपेक्षा लवकर खराब होतं, आणि उभी राहण्याचा खर्च काही थांबत नाही. विक्री ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा. तेव्हा हंगाम पुढे असतो, धरणं भरलेली असतात आणि घेणाऱ्याला पाण्यात चालवून दाखवता येते. सर्व्हेचं प्रमाणपत्र चालू ठेवा, वही, बिलं आणि फोटो एका फायलीत द्या. पैसे आल्या दिवशीच हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यात जावेत, आणि नोंदणीवरचं तुमचं नाव निघाल्याचा कागद हातात पडेपर्यंत विमा बंद करू नका.